चुना की सिमेंट: जुन्या दगडी देवालयाच्या भिंतींसाठी

आमच्या देवालयात उत्तरेच्या भिंतीला लागून असलेलं तिसरं बाक वर्षानुवर्षं रिकामं असायचं. नाताळच्या उपासनेला माणसं दारात उभी राहायची, पण तिथे बसायची नाहीत. नवखं कुणी आलं तर बसायचं आणि उठताना डाव्या खांद्यावर पांढरी भुकटी घेऊन जायचं. एका लग्नात नवरदेवाचा धाकटा भाऊ नवा काळा सूट घालून नेमका तिथे बसला. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत त्याचा डावा खांदा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. त्याच्या आईने तो अल्बम पाळकसाहेबांना आणून दाखवला. तोंडाने काही बोलल्या नाहीत, नुसती पानं उलटत राहिल्या.

भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा पांढरा क्षार, लागला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो का लागतो, आणि दर दोन वर्षांनी रंग काढूनही पुढच्या पावसाळ्यात तिथेच का परततो, याचा विचार कमिटीने त्या अल्बमनंतर केला. मी त्या कमिटीत होतो. गेल्या काही महिन्यांत पुण्यातल्याच दोन मंडळ्यांकडून मला सारखाच प्रश्न आला: जुना गिलावा काढतोय, नवा चुन्यात करावा की सिमेंटमध्ये? फोनवर तुकड्यातुकड्यात सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. मी इंजिनिअर नाही. आमच्या एका इमारतीवर जे पाहिलं तेच सांगणार आहे. तुमची इमारत वेगळी वागू शकते.

आधी एक गोष्ट, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतलं. कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चची प्रतिष्ठापना बिशप हेबर यांच्या हस्ते १८२५ साली झाली. म्हणजे ॲस्पडिनच्या लीड्समध्ये त्या कागदावरची शाई वाळत होती, तेव्हा पुण्यात भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या अर्थातच चुन्यात. पुढे पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला तो १९१४ मध्ये. त्यामुळे १८८५ चं पंचहौदचं पवित्र नाम देवालय घ्या, १८६७ चं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, घ्या, नाहीतर आमच्यासारखं कुणाच्या यादीत नसलेलं मध्यम देवालय घ्या, सगळ्यांची हाडं चुन्याची. यातल्या कुठल्याही भिंतीवर आज सिमेंट दिसत असेल तर ते नंतर कुणीतरी चढवलेलं आहे.

आमच्याकडे ते बऱ्याच वर्षांपूर्वी चढवलं. तेव्हाच्या कंत्राटदाराचं नाव घेत नाही. त्याने वाईट काम केलं असंही म्हणणार नाही. उलट काम इतकं पक्कं होतं की काढताना छन्न्या बोथट झाल्या. दुखणं त्या पक्केपणातच होतं.

आपल्याकडचा काळा पाषाण पाणी फारसा पीत नाही. युरोपातल्या मऊ वालुकाश्माच्या चर्चमध्ये सिमेंटमुळे दगडच झिजत जातो, तसं पुण्यात सहसा दिसत नाही. म्हणून आपल्याकडे 'दगड तर ठणठणीत आहे, मग सिमेंटने काय बिघडतं?' असं सहज म्हटलं जातं. पण भिंत म्हणजे नुसता दगड नव्हे. बाहेर घडीव दगड, आत दगड, मधल्या पोटात चुन्यात कालवलेला बारीकसारीक भराव. पायात ओल अडवणारा थर त्या काळी नसायचाच. जमिनीतली ओल त्या पोटातून वर चढते, पाऊस सांध्यांतून आत येतो, आणि दगड पाणी घेत नसल्यामुळे सगळी ये-जा सांध्यांतून आणि गिलाव्यातून होते. तेवढीच काय ती भिंतीची नाकपुडी. बाहेरच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या आणि आतून सिमेंटचा गिलावा केला, की दोन्ही नाकपुड्या बंद. पाणी मग जागा मिळेपर्यंत वर चढतं. मिळेल तिथे वाळतं, आणि वाळताना सोबत आणलेले क्षार पृष्ठभागावर सोडतं. त्यांचे स्फटिक फुगतात आणि रंगाला, गिलाव्याला ढकलून पाडतात. तिसऱ्या बाकावरची भुकटी ती हीच.

बाहेरच्या दर्जांबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण कमिट्या आतल्या रंगाचं बोलतात आणि बाहेरचं विसरतात. पुण्यातल्या बऱ्याच जुन्या दगडी इमारतींवर सांध्यांवरून सिमेंटच्या उठावदार पट्ट्या ओढलेल्या दिसतात. काही ठिकाणी त्यांना काळा रंगही दिलेला असतो. लांबून भिंत वहीच्या पानासारखी रेखीव दिसते. जवळ जाऊन नखाने बघा. पट्टी आणि दगड यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीतून पावसाचं पाणी आत जातं, पण परत त्याच वाटेने बाहेर यायला तयार नसतं. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर, जिथे पावसाचा सगळा मारा, तिथली पट्टी छन्नीने उचकटली तर हातभर लांबीची अख्खी निघून आली. मागचा जुना चुना जूनच्या आधी, ऐन मे महिन्यात, ओला होता.

आता सिमेंटची बाजू, कारण तिलाही बाजू आहे. ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. कुठल्याही गवंड्याला ते वापरता येतं. काम दिवसांत होतं, आठवड्यांत नाही. देवालय बंद ठेवावं लागत नाही, आणि ज्यांच्याकडे वर्षभर लग्नं, बाप्तिस्मे, अंत्यविधी चालू असतात त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो, तो वार्षिक सभेत मांडता येतो आणि साधारण तेवढ्यातच काम उरकतं. भिंतीला पंखा, स्पीकर, प्रोजेक्टरचा पडदा टांगायचा असेल तर सिमेंटमध्ये बसवलेला खिळा हलत नाही. इमारत १९६०-७० नंतरची, विटांची किंवा आरसीसीची असेल, तर हा लेख इथेच सोडा आणि खुशाल सिमेंट वापरा. चुन्याचा हट्ट तिथे निव्वळ हौस ठरेल. आमच्याकडेही नवं स्वच्छतागृह, व्हरांड्याच्या पायऱ्या आणि पाण्याच्या टाकीचा ओटा सिमेंटचाच आहे.

चुन्याचा त्रास मी लपवणार नाही. चुनकळी आणायची, हौदात पाण्यात विझवायची. विझताना ती उकळते आणि वाफा सोडते. त्या दिवशी संडे स्कूलची मुलं आवारात नकोतच, कारण शिंतोडा डोळ्यात गेला तर दवाखाना. मग तो चुना गाळून पाण्याखाली मुरत ठेवायचा. आमचा गवंडी म्हणाला, महिना तरी ठेवा. आम्ही जवळजवळ दोन महिने ठेवला, तेही शहाणपणाने नव्हे, परवानगीचा कागद अडकला होता म्हणून. शिवाय वाळू, सुरखी (विटांची भुकटी), हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी. गुळाच्या पिंपाभोवती मुंगळ्यांची रांग थेट वेस्ट्रीच्या, म्हणजे पाळकांच्या खोलीच्या, उंबऱ्यापर्यंत लागली होती. कालवलेला माल कुटायचा, मळायचा, परत मळायचा. जुन्या काळी बैलाची घाणी असायची, आम्ही छोटं मशीन भाड्याने आणलं.

भिंतीवर लावल्यावर खरा धीर लागतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू परत चुनखडीकडे जातो. त्याला घाई चालत नाही. ऊन लागलं तर तडकतो, म्हणून खिडक्यांना गोणपाट बांधायचे आणि ते दिवसातून तीन-चारदा भिजवायचे. एक थर झाला की थांबा. दुसरा झाला की परत थांबा. आम्ही नाताळ आटोपल्यावर, जानेवारीत सिमेंट उतरवायला घेतलं, भिंत उघडी ठेवून उन्हाळाभर वाळू दिली, आणि गिलावा पावसाळ्यानंतर केला. पाम संडे, गुड फ्रायडे आणि ईस्टर, सगळं त्या उघड्या दगडांसमोर झालं. काहींना ते आवडलं. 'असंच ठेवा की,' म्हणाले. बऱ्याच जणांना नाही आवडलं.

आणि माणसं. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधायला आम्हाला गिलाव्याला लागला त्याहून जास्त वेळ लागला. पहिला जो सापडला तो तोंडाने सगळं बरोबर सांगायचा. दुपारी जेवायला सगळे गेले की मिश्रणात पाटीभर सिमेंट टाकायचा. विचारलं तर म्हणाला, 'थोडं टाकलं की लवकर धरतं साहेब, सगळेच टाकतात.' सगळेच टाकतात, हे बहुधा खरंच असावं. पण त्याने आमच्या कामाचा मूळ हेतूच जात होता. कमिटीतले एक काका मग रोज डबा घेऊन परांचीखाली खुर्ची टाकून बसू लागले. चुन्याचं काम काढून कमिटीलाच चुना लागायला नको, हा त्यांचा विनोद आम्ही दोन महिने रोज ऐकला.

खर्च? आमच्याकडे गिलाव्यापुरता सिमेंटच्या दीडपटीच्या बराच पुढे गेला, दुपटीला टेकला नाही. यात गोणपाट भिजवायला लागलेली मजुरी धरली आहे, काकांचा डबा धरलेला नाही.

तरीही चुना का, ते आता सांगतो. वादावादी मिटत नव्हती, म्हणून आम्ही त्याआधीच्या उन्हाळ्यात उत्तरेच्या भिंतीवर, लोणा सर्वांत जास्त तिथेच, दोन तुकडे करून पाहिले. प्रत्येक साधारण दोन हात लांब, दोन हात रुंद. एक वॉटरप्रूफिंगचं औषध घातलेल्या सिमेंटचा, दुसरा चुना-सुरखीचा. शेजारीशेजारी, मध्ये हातभर जुना गिलावा तसाच. दोन्हीवर रंग दिला नाही. मग पावसाळा जाऊ दिला.

ऑगस्टमध्ये चुन्याच्या तुकड्यावर गडद डाग उमटले. ओल स्पष्ट दिसत होती. सिमेंटचा तुकडा कोरडा, एकसारखा राखाडी. सिमेंटवाल्या मंडळींनी मला हाताला धरून नेऊन दाखवला. मी गप्प. दिवाळीच्या सुमारास परत पाहिलं. चुन्यावरचे डाग वाळून गेले होते. खालच्या कडेला थोडी पांढरी साय आली होती, फडक्याने पुसली तर गेली. सिमेंटचा तुकडा अजूनही शाबूत, एक ओरखडा नाही. पण त्याच्या चारी बाजूंनी, जुन्या गिलाव्यावर, बोटभर रुंदीची पांढरी चौकट फुलली होती. फोटोला फ्रेम करतात तशी. वरच्या बाजूला ती जास्त जाड होती. ओल तुकड्यातून बाहेर पडू शकली नाही, ती त्याला वळसा घालून गेली होती. 'बघा, तुकड्याला काही झालंय का?' असं सिमेंटच्या बाजूचे गृहस्थ म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. तुकड्याला काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते शेजाऱ्याला.

मला हे इतकं पटलं की पुढे कुठलाही रिपोर्ट मागावासा वाटला नाही. तुम्हाला मागावासा वाटेल, तर जरूर मागा.

एक मधला मार्गही सुचवला जातो, चार फुटांपर्यंत टाइल किंवा ग्रॅनाइट लावण्याचा. पुसता येतं, चकचकीत दिसतं, कुणाचा खांदा पांढरा होत नाही. दोन-तीन ठिकाणी मी ते पाहून आलो. लोणा पाचव्या फुटावर होता. यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता प्रामाणिकपणे एक कबुली. आमच्या भिंती सुधारल्या त्याचं सगळं श्रेय चुन्याला देणं कदाचित अन्यायाचं होईल. गिलावा काढला त्याच उन्हाळ्यात आम्ही आणखी दोन कामं केली. एक, छताच्या पन्हळी साफ करून तुटलेल्या बदलल्या. उत्तरेकडची पन्हळ मंगलोरी कौलांच्या तुकड्यांनी आणि पिंपळाच्या रोपाने इतकी गच्च होती की पाणी सरळ भिंतीवरून उतरत होतं. दुसरं, भिंतीच्या पायाशी लावलेले पेव्हर ब्लॉक काढले. गाड्या लावायला सोय म्हणून ते पूर्वी भिंतीला अगदी चिकटवून बसवले होते, खाली काँक्रीट ओतून. जमिनीतली ओल वर यायची तर तिला भिंतीशिवाय वाटच नव्हती. आम्ही भिंतीपासून दोनेक फूट पट्टा मोकळा केला आणि त्यात खडी भरली. सहा गाड्यांची जागा गेली. चुन्याच्या खर्चावरून झाला नाही एवढा वाद त्या सहा गाड्यांवरून झाला. तेव्हा तुमच्याकडे पैसे किंवा धीर यांपैकी एकच असेल, तर आधी पन्हळी आणि पेव्हर बघा. गिलावा एक वर्ष थांबू शकतो.

शिवाय चुन्याने पहिल्याच वर्षी सगळं शांत होतं असंही समजू नका. भिंतीच्या पोटात साठलेले क्षार निघतच राहतात. आमचा खालचा तीन फुटांचा थर दुसऱ्या पावसाळ्यात जागोजागी सुटला. गवंडी निवांत होता. म्हणाला, तो सुटायलाच लावला होता, घाण घेऊन जातो. तेवढा भाग खरवडून परत केला, तो अजून टिकून आहे. हे आधी माहीत असलं तर बरं. आम्हाला माहीत नव्हतं, आणि त्या रविवारी उपासनेनंतर माझ्याशी कुणी नीट बोललं नाही.

रंगाचं मात्र सांभाळा. चुन्यावर प्लॅस्टिक पेंट लावला तर सगळ्या कष्टांवर पाणी पडलंच समजा, नाकपुडी परत बंद. सफेदी चुन्याचीच हवी. आणि गंमत अशी, की साध्या चुन्याची सफेदीही अंगाला लागते! पहिल्या नाताळात तिसऱ्या बाकावर बसलेल्यांचे खांदे परत पांढरे झाले. लोण्याने नव्हे, आमच्या ताज्या सफेदीने. शेवटच्या हातात डिंक घालायचा राहिला होता. पुढच्या वर्षी तो घातला, आणि आता तळहात घासला तर जेमतेम पुसट खूण येते. दरम्यान एका मावशींनी काही न विचारता सेक्स्टनला (देवालयाची देखभाल करणाऱ्याला) बोलावून सगळी बाकं भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घेतली. 'एवढी वर्षं हे का नाही केलं?' एवढंच त्यांनी विचारलं. कमिटीच्या कार्यवृत्तात हा प्रश्न नोंदवलेला नाही.

परवानगीचं थोडक्यात: इमारत वारसा यादीत असेल तर तिची श्रेणी आधी पाहून घ्या, आणि देवालय महापालिकेच्या हद्दीत आहे की कॅन्टोन्मेंटच्या, हेही. दोन्हीकडची दारं वेगळी आहेत. कागद पावसाळ्यातच हलवायला लागा आणि चुना त्याच सुमारास भिजत घाला, म्हणजे दोन्ही साधारण एकदम मुरतात. जुनं सिमेंट काढायला इलेक्ट्रिक ब्रेकर आणू देऊ नका. तो सिमेंटबरोबर सांध्यातला जुना चुनाही हादरवतो. छन्नी-हातोड्याला वेळ लागतो, पण आमचे दगड हलले नाहीत.

मला विचारलंत तर दगडी भिंतीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे चुना. पण माझ्यावर विसंबू नका. तुमच्या सर्वांत खराब कोपऱ्यात दोन तुकडे करा आणि एक पावसाळा थांबा. आमचा सिमेंटचा तुकडा आम्ही काढला नाही, त्याची चौकट दरवर्षी थोडी थोडी उमटते. उत्तरेच्या भिंतीवर, गायनमंडळाच्या कपाटामागे आहे. बघायचा असेल तर रविवारी उपासनेनंतर या, पण एखादा माणूस बरोबर आणा. ते कपाट एकट्याने हलत नाही.